सात दिवस खळ्यात उभी राहिलेली हायब्रिड

यंदा गौरी-गणपतीला पुण्याहून वेळणेश्वरजवळच्या आमच्या घरी गेलो. उंब्रजला हायवे सोडून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे शृंगारतळी. घाटात दाट धुकं होतं, पण रस्ता ठीक होता. संध्याकाळी गाडी खळ्यात लावली, सामान उतरवलं आणि मग सात दिवस आरत्या, मोदक, पाऊस. गाडी कुठे न्यायची वेळच आली नाही.

आठव्या दिवशी पहाटे निघायचं होतं. किल्लीचं बटण दाबलं, काहीच नाही. आरसे मिटलेलेच राहिले, दार उघडेना. दादा म्हणाला, "अरे, हिला तर एवढी मोठी बॅटरी आहे ना?"

आहे, पण ती या कामाची नाही. आमच्या गाडीसारख्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत, दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी ओढते. छोटी 12 व्होल्टची कुलपं, दिवे, कॉम्प्युटर चालवते आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडून देते. छोटी बसली की मोठी भरलेली असूनही तिच्यापर्यंत पोचायची वाटच बंद. या गाड्यांना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, नसतो. मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत छोटी चार्ज होते, तीही डॅशबोर्डवर 'रेडी' (गाडी चालू, निघायला तयार) दिसत असेल तेव्हाच.

मग सात दिवसांत झालं काय? पडवीत ज्या खुंटीला मी किल्ली अडकवली होती, तिथून गाडी चार-पाच फुटांवर. स्मार्ट किल्ली जवळ असली की गाडी तिची चाहूल घेत राहते, पूर्ण झोपत नाही. डॅशकॅम (काचेमागचा कॅमेरा) पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालूच. त्यात दोन दुपारी पावसात पोरं आत बसून गाणी ऐकत होती. ब्रेक न दाबता पॉवरचं बटण दाबलं की स्क्रीन लागते, गाणी वाजतात, पण 'रेडी' येत नाही. सगळा भार छोट्या बॅटरीवर, भरणा शून्य. पोरांना ते कळायचं कारण नव्हतं. मी सांगून ठेवायला हवं होतं.

किल्लीच्या पोटात लोखंडी पातं असतं, त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायच्या जंपर केबल मात्र डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर चालणारं! मागच्या सीटची पाठ पाडून, दोन सीटांमधून आत सरकून, अंधारात नारळाच्या पोत्याखालून त्या ओढून काढल्या. केबल आणि जंप स्टार्टर (दुसऱ्या गाडीशिवाय जंप देणारी छोटी पॉवर बँक) डिकीत ठेवू नका, एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवाच. माझा जंप स्टार्टर आता प्रवासाच्या पिशवीत असतो आणि मुक्कामी घरात येतो, कारण बंद गाडीतलं ऊन त्याला सोसत नाही.

बॉनेटचा खटका तारेचा, तो उघडतोच. बऱ्याच हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी मागे असली तरी पुढे फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाखाली जंपसाठी प्लसचं टोक दिलेलं असतं. निघण्याआधी मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. शेजारच्या काकांनी त्यांचा छोटा हत्ती आणला. लाल चिमटा आधी आमच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळा त्यांच्या मायनसला आणि शेवटचा आमच्या इंजिनच्या उघड्या धातूच्या बोल्टवर. नारिंगी केबलींना हात लावायचा नाही, त्या मोठ्या बॅटरीच्या. ब्रेक दाबून बटण दाबलं आणि 'रेडी' आलं. छोट्या बॅटरीला इंजिन फिरवायचं नसतं, त्यामुळे जोर फारसा लागत नाही. ट्रक किंवा एसटीवरून मात्र जंप घेऊ नका, त्यांची यंत्रणा 24 व्होल्टची. आणि हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायलाही जाऊ नका, कन्व्हर्टरवर बेतू शकतं.

आमचा बेत धोपाव्याहून फेरीने दाभोळ, मग दापोलीला मावशीकडे असा होता. तो रद्द केला. फेरीत गाडी बंद करावी लागते, आणि मध्येच परत उठली नाही तर मागच्या सगळ्यांची वाट अडते. सरळ चिपळूण गाठलं. तिथल्या दुकानात तपासून घेतली तर चार वर्षांची बॅटरी थकलेली, आणि त्या मापाची तिथे शिल्लक नव्हती. तशीच, न थांबता, घाट चढून पुण्याला आणली. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर निघण्याआधी शहरातच तपासून घ्या. अर्ध्या वाटेवर तिचं माप शोधत फिरावं लागू नये.

आता मुक्काम लांबला की दर तिसऱ्या दिवशी गियर 'पी'मध्ये (पार्किंग) ठेवून गाडी तासभर 'रेडी' करतो. 'एन'मध्ये (न्यूट्रल) मोठी बॅटरी भरत नाही, म्हणून 'पी'च. इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं, तेव्हा बंद शेडमध्ये हे मुळीच करू नका, आणि कुणीतरी गाडीत बसून राहा. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घेतलाय. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 च्या आसपास दिसलं तर निर्धास्त, 12.2 म्हणजे निम्मी संपली. 'रेडी'त आकडा 14 च्या जवळ गेला की भरणा चालू आहे समजायचं.

दिवाळीत पुन्हा सहा दिवस राहिलो. किल्ली माजघरातल्या फडताळात, डॅशकॅमची वायर काढलेली. सहाव्या सकाळी मीटरवर 12.5. या वेळी धोपाव्याच्या जेटीवर रांगेत गाडी बंद करून उभे राहिलो, आणि दाभोळला उतरताना पहिल्याच बटणाला 'रेडी' लागलं. मावशीकडे जेवायला वेळेवर पोचलो.