बारा भाग, एक खून

गुप्तहेराच्या खिशात पिस्तूल असलं की ते दर दहा मिनिटांनी वाजायलाच हवं, अशी आपल्या डोळ्यांना सवय झालेली. ती मोडायची तर ‘वसंतातले सतरा क्षण’ बघावी. १९७३ची सोव्हिएत मालिका, बारा भागांची, कृष्णधवल. दिग्दर्शक तात्याना लिओझ्नोवा. १९४५च्या फेब्रुवारी-मार्चमधलं बर्लिन, आणि एसएस या हिटलरच्या खास दलाच्या काळ्या गणवेशात वावरणारा रशियन हेर श्टिर्लिट्झ, म्हणजे व्याचेस्लाव तिखोनोव.

एवढ्या बारा भागांत या माणसाच्या हातून मरतो एकच जण. क्लाउस. माणसांना बोलतं करून त्यांना गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, घशात घालणारा खबऱ्या. दोघं तळ्याकाठी फिरायला जातात. क्लाउसची बडबड चालूच असते. श्टिर्लिट्झ ऐकतो, आणि अगदी जवळून त्याला गोळी घालतो. डोळे वटारणं नाही, टाळीबाज संवाद नाही. तिखोनोवच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला मी कंटाळा म्हणेन. नकोसं काम एकदाचं उरकल्याचा.

पुढे मालिकाभर त्याचं खरं हत्यार म्हणजे डोकं. गेस्टापोचा प्रमुख म्युलर याच्या तळघरात अडकल्यावर तो काय करतो? टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडत बसतो. रशियन हेरांचा वायरलेस असलेल्या सुटकेसवर आपल्या बोटांचे ठसे कसे आले, याचं पटेल असं उत्तर त्याला हवंय. कॅमेरा हलत नाही, आपणही हलत नाही. एखाद्या गोळीबारानं माझा घसा इतका कोरडा पडल्याचं आठवत नाही.

तिखोनोवला हे शोभतंही. टॉलस्टॉयच्या कादंबरीवरच्या ‘युद्ध आणि शांती’ या चित्रपटात तो आंद्रेइ बोल्कोन्स्की होता. ऑस्टरलिट्झच्या रणात तोफा धडाडताहेत, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो हातात झेंडा घेऊन धावणारा तिखोनोव. काही नटांच्या हाताला बंदूक चिकटते, याच्या नाही.

अर्थात श्टिर्लिट्झ अगदीच गांधीवादी नाही. होल्टोफ नावाचा सहकारी रात्री घरी येतो आणि पळून जायची गोष्ट काढतो. हा सापळा असू शकतो. श्टिर्लिट्झ शांतपणे कोन्याकची बाटली उचलतो आणि त्याच्या डोक्यात घालतो. वर त्यालाच गाडीत घालून म्युलरकडे नेतो, गद्दार पकडला म्हणून! पिस्तुलानं हे जमलं नसतं. मेलेला होल्टोफ म्युलरला काय सांगणार?