पत्र आल्यानंतरचे दिवस

नवऱ्याची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर घरचा आरोग्यविमाही गेला. माझी चाळिशी उलटली होती, मॅमोग्राम, म्हणजे कॅन्सर तपासायला काढलेला स्तनांचा एक्स-रे, कधीच केलेला नव्हता. आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पूर्व भागात राहतो, शेजार बराचसा मेक्सिकन. शेजारीणच मला चर्चच्या हॉलमध्ये प्रोमोतोरांच्या बैठकीला घेऊन गेली. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच, प्रशिक्षण घेतलेली आरोग्य कार्यकर्ती. आपल्या आशाताईंसारखीच.

बैठक घेणाऱ्या प्रोमोतोरा बाईंनी टेबलावर सिलिकॉनचा स्तन ठेवला, आत गाठी असलेला, आणि हात लावून बघायला सांगितलं. कुणी पुढे येईना. मग एक आजी उठल्या आणि त्यांच्यामागे सगळ्याच. त्यानंतर जे प्रश्न निघाले ते डॉक्टरसमोर कुणी विचारले नसते. मार लागल्याने कॅन्सर होतो का? नवऱ्याला न सांगता येता येईल का? कागदपत्रं नसतील तर? बाई एकेकीला उत्तर देत होत्या, मध्येच माझ्यासाठी इंग्रजीत सांगत होत्या. उत्पन्न कमी आणि विमा नाही अशा ४० वर्षांपुढच्या बायकांना कॅलिफोर्नियाच्या ‘एव्हरी वुमन काउंट्स’ योजनेतून मोफत मॅमोग्राम मिळतो, इमिग्रेशनचे कागद लागत नाहीत. अमेरिकेतल्या लॅटिना, म्हणजे मूळच्या मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांतल्या, बायकांच्या कॅन्सरमृत्यूंत स्तनाचा कॅन्सर सर्वात वर आहे. गोऱ्या बायकांपेक्षा त्यांना तो कमी होतो, पण बऱ्याचदा कळतो उशिरा.

फॉर्म बाईंनीच शेजारी बसून भरून घेतला. त्या दिवशी डिओडरंट लावू नका, म्हणाल्या, त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि तसे ठिपके कधीकधी कॅन्सरची खूण असतात. तपासणी लवकर आटोपली. दाब पडतो, दुखतं, पण काही सेकंदच.

खरी परीक्षा पुढे. पत्र आलं: आणखी फोटो काढावे लागतील. मी ते कपाटात ठेवून दिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. त्यांनी सांगितलं, परत बोलावलेल्या दहा बायकांत बऱ्याचदा एकीलाही कॅन्सर निघत नाही, पण न जाण्याचं ते कारण नव्हे. तारीख त्यांनी घेतली, सोनोग्राफीच्या दिवशी बाहेरच्या खुर्चीवर त्या बसून होत्या. पाण्याची गाठ निघाली, साधी.

त्या खुर्च्यांवर बसलेल्या बायका रात्री ऑफिसं साफ करणाऱ्या, दिवसा दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. कुणाला शनिवारची वेळ लागते, कुणाला गाडी, कुणाच्या नवऱ्याची समजूत काढावी लागते. मशीन फुकट असून भागत नाही, ही सगळी कामं कुणीतरी करावी लागतात. आणि कॅन्सर निघालाच तर उपचारांसाठी मेडी-कॅलमधली, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्यविम्यातली, वेगळी योजना आहे, तिचा अर्जही बाईच भरून घेतात.

आपल्यातही इथे घरून डबे देणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, विमा नसलेल्या बायका आहेत. त्यांना तपासणी कुठे होते हेही माहीत नसतं. मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा या बाईंना अर्धा तास द्यावा, असं मी अध्यक्षांना कळवलं आहे. मराठीत सांगायला मी शेजारी उभी राहीन.