तुम्ही विचारलंत म्हणून: कासवांची अंडी का हलवता?

"निसर्गाचं निसर्गावर सोडा ना, अंडी उकरून कुंपणात कशाला नेता?" गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर आलेले पाहुणे हटकून विचारतात. विचारताना त्यांच्या पाठीमागे शॅकचे, म्हणजे वाळूवरच्या खोपटी हॉटेलांचे, दिवे लखलखत असतात, हे जाता जाता.

मीही हेच म्हणायचो. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. मग अंडं उलटंपालटं झालं की तो दगावू शकतो. पिल्लू नर की मादी हेसुद्धा वाळूची ऊब ठरवते, ऊब जास्त तर माद्या जास्त. म्हणजे कुंपणावर सावली किती, हे ठरवताना आपण तेही ठरवतो. वनखात्याच्या माणसांशी यावरून माझे कडाक्याचे वाद झालेत.

मग मोरजीतल्याच तेंबाकडचं ते घरटं. आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं, भरतीनं मादीचा माग पुसला असावा. पहाटे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, असणाऱ्या काकांचा फोन, "तुजीं पिलां वयर आयल्यांत रे!" जाऊन पाहिलं तर वाळूवर इवलाल्या रेघाच रेघा, सगळ्या जमिनीकडे. पिल्लं उजेडाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्रच उजळ दिसतो, त्या रात्री पार्टीच्या माळा जास्त उजळ होत्या. काही खाटांखाली सुकून पडलेली, काही सुरूच्या काड्यांत अडकलेली, बरीच कुत्र्यांनी फाडलेली. जिवंत होती ती पाण्याजवळ ओल्या वाळूवर सोडली. शॅकवाला ओळखीचाच. तोही माझ्याबरोबर खाटा उचलत होता. बिचारा खरंच हळहळला, आणि म्हणाला, "वेळेत दिसलं असतं तर तुम्ही हलवलंच असतं ना? मग दिव्यांचा प्रश्नच नव्हता."

तेव्हापासून मी अंडी हलवायला वनखात्याबरोबर जातो. आणि ते वाक्य डोक्यातून जात नाही. आम्ही अंडी हलवतो, म्हणून दिवे हलत नाहीत. २०११च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून नावानिशी आहेत. कागदावर संरक्षण जागेला आहे. आम्ही ते अंड्यांपुरतं करून टाकलं, असं रागाच्या भरात वाटतं. मग वाटतं, तत्त्वासाठी एक अख्खं घरटं कुत्र्यांना घालू का?

शॅक बंद करा, असं मला म्हणता येत नाही. माझ्या घरच्या दोन खोल्या याच पाहुण्यांना भाड्याने जातात. गालजीबागसारख्या शांत किनाऱ्यावर कुणी विचारलं तर मी अजूनही सांगेन, घरटं जागच्या जागी राहू द्या, राखण करा. मोरजीला हे सांगायची माझी छाती होत नाही.