आंबोलीच्या पावसातला मलबार चापडा

जुलैत लोक आंबोलीला जातात ते धबधब्यासाठी. आम्ही गेलो होतो रात्रीच्या जंगलासाठी. जेवणं उरकून गमबूट चढवले आणि गाइडच्या मागोमाग ओढ्याकाठची पायवाट धरली. पाऊस थांबला असला तरी झाडं गळतच होती, आणि बेडकांनी असा काही गलका मांडला होता की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं.

एका झुडपापाशी गाइड थांबला. त्याने टॉर्च धरला तरी मला शेवाळलेल्या फांदीशिवाय काही दिसेना. त्याने सांगितल्यावर आधी डोळा सापडला, उभ्या चिरेसारखी बाहुली असलेला, आणि मग त्याच्याभोवतीचा अख्खा साप. मलबार चापडा! फक्त पश्चिम घाटात आढळणारा हा विषारी साप. शेपटीचा वेढा फांदीला घट्ट, मानेला इंग्रजी एससारखा बाक आणि डोकं खाली रोखलेलं.

सुरक्षित अंतरावरून दुर्बिणीने पाहिलं. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक छोटा खळगा होता. त्यातला पातळ पडदा समोरून येणारी उष्णता टिपतो, त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदरासारख्या उबदार प्राण्याचा ठाव याला लागतो. बेडूक, पाली, लहान पक्षीही याच्या आहारात असतात. त्यांच्यामागे तो धावत नाही. येण्याजाण्याची वाट हेरून बसून राहतो; लांब विषदंत तोंडात टाळूला लागून दुमडलेले असतात, झडप घालताना उघडतात.

दुसऱ्या रात्री तिथेच गेलो, तर स्वारी त्याच फांदीवर, तशीच! एकदा हेरलेली जागा हे साप सहजी सोडत नाहीत. म्हणूनच चांगली फ्रेम मिळावी म्हणून त्यांना काठीने सरकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सापाची शिकारीची जागाच त्यात मोडते. शिवाय धोका आहेच. चावल्यास वेदना आणि सूज येते, आणि आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं आहे, चापड्याच्या नाही.

आमचा चापडा हिरवा होता. परतताना बांधाजवळ तपकिरी दिसला, मी तर तो वेगळ्याच जातीचा समजून चाललो होतो. पण पिवळे, नारिंगी, निळसर असे कितीतरी रंग या एकाच जातीत असतात. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. ती पिल्लं बघायला पुन्हा जायचं नक्की केलंय, गाइडशी तसं बोलूनही ठेवलंय.