त्या शाळेत कोण कोण शिकलं?

नगरला गेलो की लग्नकार्यात, एरवी फोनवर, आणि अलीकडे मुलांना नववीपासूनच अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या अनोळखी पालकांकडूनही मला एकच प्रश्न येतो : ‘तुम्ही तिकडच्या त्या बोर्डिंग स्कूलमध्ये अकरा वर्षं गणित शिकवलंत, तिथे कोण कोण मोठी माणसं शिकली?’ मी दोन-चार नावे सांगतो आणि विषय बदलतो. यंदा दिवाळीत मावसभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, ‘हा नीट सांगतच नाही, भाव खातो.’ तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकतो.

माझ्या शाळेचे नाव लिहिणार नाही, कारण पुढे एका मुलाची हकीकत आहे आणि त्याची ओळख पटू नये. यादीच हवी असेल तर मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरची आणि न्यू हॅम्पशरमधल्या एक्झिटरची घ्या. पहिली १७७८ सालची, दुसरी १७८१ची. पुतण्याने एक काढली, काकाने दुसरी. न्यू इंग्लंडमधल्या बाकीच्या शाळा, माझी धरून, आजही या दोघींकडे पाहूनच भांग पाडतात. अँडोव्हरला तारायंत्राचा सॅम्युअल मोर्स, बालसंगोपनाचे डॉक्टर बेंजामिन स्पॉक आणि थोरले-धाकटे दोन्ही जॉर्ज बुश. एक्झिटरला सिनेटर डॅनिएल वेब्स्टर, अब्राहम लिंकनचा मुलगा रॉबर्ट, फेसबुकचा मार्क झुकेरबर्ग आणि कादंबरीकार डॅन ब्राऊन, ज्याचे वडील तिथेच गणित शिकवत (हे मी गणितवाला म्हणून आवर्जून सांगत असे). त्यात ग्रोटनचे फ्रँकलिन रूझवेल्ट आणि चोएटचे जॉन केनेडी मिळवले की राष्ट्राध्यक्षच चार होतात. ही नावे मी मंडळाच्या गणेशोत्सवात एका दमात म्हणून दाखवली आहेत आणि टाळ्याही घेतल्या आहेत. तेव्हाच्या त्या गृहस्थाला आज मी अडवू शकलो असतो, तर एवढेच विचारले असते की ‘शिकले’ म्हणजे नेमके काय झाले.

कारण आपल्या भाषेत ‘अमुक शाळेत शिकले’ या तीन शब्दांत काहीही मावते. वेब्स्टर १७९६ साली एक्झिटरला आला तो जेमतेम काही महिने टिकला, आणि पुढे देशातला सर्वांत गाजलेला वक्ता ठरलेल्या या माणसाने स्वतःच लिहून ठेवले आहे की शाळेसमोर उभे राहून बोलणे ही एक गोष्ट त्याला तिथे काही केल्या जमली नाही. रॉबर्ट लिंकन १८५९ साली हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत सपशेल आपटला, म्हणून त्याला वर्षभर एक्झिटरला ठेवले आणि पुढच्या वर्षी तो आत गेला. आपल्याकडे याला क्लास लावणे म्हणतात. आणि हॉलिवूडचा नट हम्फ्री बोगार्ट. अँडोव्हरची गोष्ट निघाली की त्याचे नाव निघतेच. १९१७ साली त्याला तिथे घातले आणि १९१८ साली काढून टाकले. कशासाठी, याच्या दंतकथा पुष्कळ आहेत. शाळा पुरी न करताच तो गेला, याविषयी मात्र दुमत नाही.

बोगार्टचा किस्सा मी फार खुलवून सांगत असे. तो सांगणे मी का बंद केले, तेच खरे तर तुम्हाला सांगायचे आहे.

अशा शाळांतून शिक्षकाला मुलांच्या वसतिगृहातच बिऱ्हाड देतात आणि त्याला डॉर्म पेरेंट म्हणतात. पालकत्वाचा भाग म्हणजे मुख्यतः रात्री साडेदहाला खोल्या मोजत फिरणे. फेब्रुवारीतली रात्र होती, बाहेर गुडघाभर बर्फ होते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एका मुलाच्या टेबलावर चुळा भरायच्या हिरव्या औषधाची मोठी बाटली होती. ती मी उचलली नसती. पण मुलाची नजर माझ्याकडे नव्हती, बाटलीकडे होती. झाकण काढून वास घेतला, तर पुदिन्याचा मागमूस नाही. व्होडकात खायचा हिरवा रंग घातलेला. मुलगा सोळा वर्षांचा, पूर्ण शिष्यवृत्तीवर आलेला, माझ्याच वर्गातला, आणि भूमितीची सिद्धता फळ्यावर न अडखळता मांडणाऱ्या त्या वर्षीच्या दोन मुलांपैकी एक. नोव्हेंबरात त्याला एकदा ताकीद मिळालेली होती. दुसऱ्या वेळी प्रकरण शिस्तपालन समितीपुढे जाते, आणि ते तिथे जाणार की नाही हे शिक्षकाच्या एका पानी अहवालावर ठरते. त्याने गयावया केली नाही. त्याने एवढेच विचारले, ‘आईला आजच फोन करावा लागेल का? तिची आज रात्रपाळी आहे.’

बेसिन खोलीबाहेर चार पावलांवर होते. बाटली तिथे रिकामी करून मी झोपायला गेलो असतो, तर ते कोणालाही कळले नसते. मी अहवाल लिहिला. समितीपुढे त्याच्या बाजूने बोलायचे म्हणून मी कागदावर टिपणही काढले होते. प्रत्यक्षात दोनच वाक्ये बोललो आणि त्यातले दुसरे ‘नियम सर्वांना सारखा हवा’ असे होते. शनिवारी त्याची आई शेजाऱ्याची व्हॅन मागून घेऊन आली. पुस्तकांचे खोके मी खाली उतरवले. तिने माझे आभार मानले, आणि मग विचारले, ‘इथले मार्क दुसरीकडे धरतील ना?’

त्याच वसंतात शाळेच्या वर्धापनाच्या पुस्तिकेची मुद्रिते तपासायला माझ्याकडे आली. नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्याच पानावर एका नटाचे अर्धे पान छायाचित्र होते; बाकी प्रत्येकाच्या नावापुढे उत्तीर्ण झाल्याचे साल आणि याच्या नावापुढे काहीच नाही. मला ती छपाईची चूक वाटली, म्हणून मी दफ्तरखान्यात विचारले. दफ्तर सांभाळणाऱ्या बाईंनी जुनी फाईल काढून दाखवली : वर्षाच्या मध्यात, दारूपायी, काढून टाकले. त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच साल नाही.’ मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि मुद्रिते परत पाठवली.

माझा बचाव मला पाठ आहे. त्याच मजल्यावर चौदा वर्षांची मुले होती आणि त्यांच्या आईबापांनी ती माझ्या भरवशावर ठेवली होती. एकाला सोडले असते तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने धरणार होतो? हे मला आजही पटते. पण १९३५ साली चोएटमध्ये केनेडीने टवाळ मुलांची टोळी जमवली, मुख्याध्यापक तिला हाकलायला निघाले, तेव्हा बड्या सरकारी हुद्द्यावरचे वडील वॉशिंग्टनहून येऊन गेले आणि मुलगा राहिला. त्या वर्षी ११२ मुलांत चौसष्टावा येऊन तो उत्तीर्ण झाला, आणि वर्गाने ‘पुढे यशस्वी होईल’ म्हणून मते दिली तीही त्यालाच. त्या वडिलांची आणि व्हॅन मागून आणणाऱ्या त्या आईची मी तुलना करतो आहे असे समजू नका, असे लिहिणार होतो. करतोच आहे.

तरीही यादी खोटी ठरवून मला हात झटकता येत नाहीत. निइजिमा नावाचा तरुण १८६४ साली जपानमधून पळाला, तेव्हा देशाबाहेर जाण्याची शिक्षा मृत्यू होती. पुढच्या वर्षी तो अँडोव्हरमध्ये इंग्रजी गिरवत होता आणि १८७५ साली त्याने क्योटोत दोशिशा ही संस्था उभी केली. रिचर्ड ग्रीनर हा हार्वर्ड कॉलेजचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. तो १८७० साली तिथून बाहेर पडला, पण आत गेला होता अँडोव्हरमधून. या दोघांना शाळेने काहीच दिले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आणि नगरकरांसाठी एक : अँडोव्हरच्याच टेकडीवर, त्याच विश्वस्तांच्या हाताखाली एक धर्मशिक्षणाची संस्था होती. तिथे शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईला आला, मराठी शिकला आणि १८२६ साली नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने गेला. त्याच्या मराठी मिशनने पुढे १८४२ साली आपल्या नगरात ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. राष्ट्राध्यक्षांबद्दल विचारणाऱ्यांपैकी एकानेही मला हॉलबद्दल कधी विचारलेले नाही.

मुलांना तिकडे पाठवू का, असे तुमच्यापैकी पालक विचारतात. मला ठाऊक नाही. अँडोव्हर २००७-०८ पासून आणि एक्झिटर २०२१ पासून आईबापांची ऐपत न पाहता प्रवेश देतात, ही मोठीच गोष्ट आहे; माझ्या वर्गातला तो मुलगाही शिष्यवृत्तीवरच आत आला होता.

गेल्या महिन्यात शाळेचे पत्र आले. ज्यांचे पत्ते हरवले आहेत अशा माजी विद्यार्थ्यांची वर्षवार यादी जुन्या शिक्षकांना पाठवली होती, कोणाचा ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे म्हणून. त्याच्या तुकडीतली चार नावे तिच्यात होती. त्याचे नव्हते, मी दोनदा पाहिले.