तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा वेळ मिळतो कुठून?

हा प्रश्न मला गल्लीत विचारतात, लग्नकार्यात विचारतात, दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बायकाही विचारतात. "कवा करतासा ओ वैनी हे सगळं?" हे सगळं म्हणजे घरी भाजलेला पाव, नानकटाई आणि कायम पिशवीत असलेलं लोकरीचं विणकाम. घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, त्यांची साखर आणि बीपी आहे. मुलगी यंदा बारावी झाली. माहेरी, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, आई एकटीच असते. यजमानांचं काम इथे बेळगावात, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, ते ऑर्डरीप्रमाणे कमीजास्त होतं. एवढं मागे असताना ही बाई स्वेटर कधी विणते, असं कुणाच्याही मनात येणारच.

सरळ सांगते. मी यासाठी वेगळा वेळ काढत नाही, काढायला तो नसतोच. पण माझा बराचसा दिवस कशाची तरी वाट बघण्यात जातो, आणि विणकाम काय, पाव काय, दोन्ही त्या वाट बघण्यात मावतात. नळाला पाणी यायची वाट, रक्ताच्या रिपोर्टची वाट, खानापूरच्या बसची वाट, नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कचेरीत, आपलं नाव पुकारतील त्याची वाट. बाईच्या कामाचा हिशोब मांडताना स्वयंपाक, धुणं, भांडी सगळे धरतात, हे थांबून राहणं कुणी धरत नाही. मला ते मोठं काम वाटतं. जागचं हलता येत नाही, दुसरं काही हाती घेता येत नाही, आणि डोकं रिकामं राहिलं की ते काळजीकडेच धाव घेतं.

हे मी आईकडे बघून शिकले. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोड्याची पूड असं सगळं पत्र्याच्या डब्यांत भरून आम्ही खानापूरला बेकरीत जायचो. भट्टी लाकडांवरची. सकाळचे पाव निघाले की त्याच तापलेल्या भट्टीत दुपारी घरोघरच्या नानकटाया भाजून द्यायचे. परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसायची, ती पांढरी आणि हलकी झाली की मैदा मिसळायचा. बेकरीवाले मोठे काळे पत्रे द्यायचे, त्यांवर आम्ही पोरी गोळे मांडायचो आणि अंगठ्याने जरा दाबून मधोमध चारोळी बसवायचो. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून एका कोपऱ्यातल्या गोळ्यावर खूण करायची. आमच्या घरची खूण लवंग. मग लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा आत जायचा. पण त्याआधी थांबावं लागायचं, कारण आमच्या पुढे दुसऱ्या घरांचे पत्रे असायचे. बाकीच्या बायका बोलत बसायच्या, आई बोलता बोलता पिशवीतून सुया काढायची. घरी परतताना डबे नानकटाईने भरलेले असायचे आणि सुयांवरची वीण वीतभर वाढलेली असायची. आईने कधी हे मुद्दाम शिकवलं नाही, पण वाट बघायची जागा दिसली की माझा हात आपोआप पिशवीत जातो, तो तेव्हापासून.

आता विणकामाबद्दल. बाहेर नेण्याचं विणकाम वेगळं आणि घरातलं वेगळं, ही वाटणी केली तरच हे जमतं. दवाखान्यात, बसमध्ये मी मफलर, कानटोपी, बाळाचे मोजे असलं काही नेते. एक सुलटा एक उलटा, नाहीतर नुसते सुलटे. नंबर पुकारला की ओळ अर्धी असली तरी सुया पिशवीत टाकता आल्या पाहिजेत. टाके घसरू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना रबराची बुचं लावते. वेणीची नक्षी, गळ्याचा आकार, बाहीचे कमी करत जायचे टाके, हे सगळं घरी, सासूबाई झोपल्यावर, कारण तिथे मोजावं लागतं आणि मध्येच उठून चालत नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलींचा सुयांच्या नंबरात हमखास गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवते. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, 10 नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. खालची बॉर्डर 10 वर विणायची म्हणजे ती घट्ट बसते, अंग 8 वर. आणि सुरुवातीला 10 सेंटिमीटरचा एक चौकोन विणून त्यात किती टाके बसले ते मोजायचं. प्रत्येकीचा हात निराळा, कुणाची वीण सैल, कुणाची आवळ. पुस्तकातल्या मापापेक्षा आपला चौकोन खरा.

विकत छान स्वेटर मिळतात, हे मला मान्य आहे. पण सासूबाईंना लागतो तसा मिळत नाही. आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, सह्याद्रीच्या कडेला. जुलैमध्ये ऊन आठवडा आठवडा दिसत नाही, हवेत गारठा आणि ओल. तेव्हा त्यांना दिवसभर पाठीला ऊब लागते. बोटं आखडलेली, त्यामुळे डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांना नको. म्हणून पुढून उघडा, मोठी लाकडी बटणं, आणि बटणांची घरं जरा सैल. डावी बाही मी मुद्दाम रुंद ठेवते आणि कोपराच्या वर सहज सरकेल अशी विणते, कारण बीपीचा पट्टा त्याच हाताला बांधतात आणि रक्तही तिथूनच घेतात. दर वेळी थंडीत स्वेटर काढायचा, मग पुन्हा घालायचा, यात त्यांची दमछाक व्हायची. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर बघायची तपासणी असते, त्या दिवशी त्या बाही वर सरकवून नर्सताईंना सांगतात, "आमच्या सुनेनं केलंय." मला त्याचं फार समाधान वाटतं.

पावालाही माझे हात फार थोडा वेळ लागतात. अर्धा किलो मैदा, 300 मिलिलीटर पाणी, मीठ, थोडी साखर, थोडं तेल आणि यीस्ट. मळायला 10 मिनिटं, गोळे वळायला तेवढीच. बाकीचं सगळं पिठाचं काम. आणि पीठ किती वेळ घेणार हे आपल्याला ठरवता येतं, ही गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. यीस्ट म्हणजे जिवंत बुरशी. 27-30 अंशांच्या उबेत ते जोमाने वाढतं, गारठ्यात मंदावतं, फ्रिजमध्ये तर जवळजवळ झोपतं पण मरत नाही. पाणी कढत घातलं तर मात्र मरतं. त्यामुळे संध्याकाळी पाव हवा असेल तर दुपारी चमचाभर यीस्ट. उद्या दिवसभर बाहेर असेन तर रात्री पाव चमचाच यीस्ट घालून पीठ झाकून फ्रिजमध्ये. ते रात्रभर सावकाश फुगतं आणि अशा पावाला चवही जास्त येते. पावसाळ्यात फुगतच नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की ते फुगतंय, फक्त त्याला दुप्पट वेळ लागतोय. थांबायचं नसेल तर बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं भांडं ठेवून शेजारी पीठ ठेवा. घड्याळाकडे बघू नका, पिठाकडे बघा. ओल्या बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की पाव भाजायला तयार.

बिलाचंही विचारतात. माझा ओव्हन 1500 वॉटचा. तो तासभर सलग पेटता राहिला तर दीड युनिट जाईल, पण हव्या त्या तापमानाला पोचला की तो मधून मधून बंद होत राहतो. पावाच्या एका घाण्याला युनिटभराच्या आत काम होतं. आमच्याकडे 2023 पासून कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना आहे, 200 युनिटपर्यंतची. तरी ते 200 सरसकट सगळ्यांना मिळत नाहीत. 2022-23 सालच्या आपल्या वापराची महिन्याची सरासरी आणि वर 10 टक्के, एवढाच आपला हक्क. त्याच्या वर गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 ओलांडले तर पूर्ण बिल. म्हणून मी ओव्हन एका गोष्टीसाठी लावत नाही. पाव निघाला की नानकटाई, ती निघाली की ओव्हन बंद करून उरलेल्या उबेत रताळी. आमच्याकडची लाल सालीची रताळी नवरात्रापासून बाजारात येतात. आधी थोडी उकडून घेतली की त्या उबेत सालीला चीक सुटेपर्यंत मस्त भाजतात. सासूबाईंना मात्र अर्धंच द्यावं लागतं.

आता जे मी करत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर उत्तर अपुरं राहील. पापड, कुरडया, सांडगे मी घरी करत नाही, माहेरच्या गावच्या बायकांच्या बचत गटाकडून घेते. दिवाळीच्या चकल्या विकत आणते. मांडे करणाऱ्या बायका या शहरात आहेत, उपड्या तापलेल्या मडक्यावर त्या ज्या हाताने मांडा टाकतात ते मला या जन्मात जमणार नाही आणि मी त्या वाटेला जातही नाही. सगळंच घरी करणारी बाई कुठेच नसते. आणि माझ्या घरात पीठ मळायचं काम यजमानांचं आहे. दिवसभर साच्यांत वाळू ठासणारे हात, माझ्यापेक्षा त्यांचं पीठ जास्त लवकर मऊसूत होतं. वेळ कुठून मिळतो याच्या उत्तरातला तोही एक भाग आहे. त्यांना मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं.

काहीजणी पुढचं विचारतात, की यामुळे काळजी कमी होते का? यंदाच्या उन्हाळ्याचंच सांगते. मुलीने कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांच्या सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिल्या होत्या. कर्नाटकात असलेल्या पण महाराष्ट्राचा दावा असलेल्या सीमाभागातल्या 865 गावांमधल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांना तिकडच्या प्रवेशात सोय आहे. त्यासाठी आपलं गाव त्या यादीतलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. ते कागद जमवायला या खिडकीतून त्या खिडकीत फिरलो. अर्ज कन्नडमधून, दाखला तिकडच्या नमुन्यात, आणि दोन्हींकडे मुदत. इकडचा प्रवेश धरून ठेवायचा की तिकडच्या फेरीची वाट बघायची, यावर घरात रोज रात्री बोलणं. फी, होस्टेल, सासूबाईंची औषधं, यजमानांची त्या महिन्यातली कमी झालेली ओव्हरटाइम, सगळं डोक्यात एकदम. विणल्याने यातलं काही हललं नाही. काळजी होती तेवढीच होती. पण बाकावर बसून हात चालू असले की मी मुलीला पुन्हा पुन्हा फोन करत नव्हते, आणि घरी येईपर्यंत माझा आवाज चढलेला नसायचा. तिच्या त्या दिवसांत हे तिच्यासाठी फार महत्त्वाचं होतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

प्रवेश कोल्हापूरला झाला. त्या उन्हाळ्यातल्या बाकांवर विणलेला निळा स्वेटर ती घेऊन गेली आहे, आणि नानकटाईचा डबा महिन्याला जातो. आपल्याकडे कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट असली तरी आंतरराज्य गाडीला ती सवलत नाही, त्यामुळे डबा ज्याचं कुणाचं जाणं होईल त्याच्या हाती. पाठवताना एक पाळते. नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरत नाही, कारण आतली वाफ राहिली की दोन दिवसांत सादळते. डबा घट्ट झाकणाचा, वर कागदाची घडी.

तेव्हा ज्यांना सुरू करायचंय त्यांनी ओव्हनपासून करू नये, तो महाग पडतो आणि कढईत मीठ तापवूनही नानकटाई भाजता येते. विणकामापासून करा. 8 नंबरच्या सुयांचा एक जोड आणि चार प्लायची, म्हणजे चार पदरांची, लोकर आणा, 30 टाके घाला आणि नुसते सुलटे विणत चला, मफलर होईल. रंग फिका घ्या. गडद लोकरीत सुरुवातीला टाके दिसत नाहीत, आणि दवाखान्यातल्या उजेडात तर मुळीच नाही. दुपारी तीननंतर मी घरी असते, टाके घालायला जमलं नाही तर सुया घेऊन या.