कोकणकडा आणि १८-५५ची किट लेन्स : शार्पनेसच्या नोंदी, टप्पा २

पहिल्या टप्प्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, मार्गी लागलं. आता फक्त शार्पनेस. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, कॅमेऱ्यासोबत मिळणारी एफ/३.५-५.६ची किट लेन्स, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, मावळतीची वेळ.

फोटो मऊ आला की लगेच लेन्सला दोष देऊ नका. तो १०० टक्के मोठा करून अंधुकपणाची जात ओळखा. सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसल्या तर कॅमेरा हलला. खडक स्वच्छ पण गवत फरफटलेलं असेल तर तो वारा. जवळचा दगड कातीव आणि मागचा कडा मऊ, म्हणजे फोकस चुकला. सगळी फ्रेम सारखीच मऊ असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) फार बंद केलंय, नाहीतर काचेवर दव धरलंय. दूरच्या रांगा तेवढ्या पांढुरक्या असतील तर ते धुरकं. त्याला कॅमेऱ्यात इलाज नाही, पाऊस ओसरल्यानंतरची धुतलेली हवाच गाठावी लागते.

सगळं शार्प हवं म्हणून एफ/२२ लावणं ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक. छिद्र इतकं लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि एका बिंदूचा ठिपका बऱ्याच पिक्सेलांवर सांडतो. या लेन्सवर एफ/८ ते एफ/११च्या पुढे जायची गरज क्वचितच पडते.

खरी मेख फोकसची आहे. १८ मिमी (सर्वांत रुंद झूम), एफ/८ला हायपरफोकल अंतर साधारण २ मीटर येतं. म्हणजे तिथे फोकस केला की १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प. पण हे गणित मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी मांडलेलं आहे. १०० टक्क्यांवर समोरची रांग किंचित मऊच दिसते. म्हणून ३ मीटरवर, चारेक पावलांवरच्या दगडावर फोकस करा. जवळची हद्द १.२ मीटरवर सरकते, तेवढं परवडतं. आधी झूम ठरवा, मग फोकस, कारण अशा बऱ्याच लेन्सचा फोकस झूम फिरवला की सरकतो. ढगात ऑटोफोकस चाचपडत राहतो; लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) मोठा करून हातानेच लावा. अर्ध्या मीटरवरचं फूल हवं असेल तर जवळची आणि दूरची अशा दोन फ्रेम घेऊन जोडा.

कड्यावर वारा खालून वर उसळतो. ट्रायपॉड काठापासून बराच मागे, मधला दांडा पूर्ण खाली, पायांचे सर्वांत बारीक टप्पे बंद. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो फडफडतो. बॅग टांगलीत तर ती जमिनीला टेकलेली हवी. झुलती बॅग उलट धक्के देते. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम सावरणारी सोय) बंद, २ सेकंदांचा टायमर. तरी ओढ दिसली तर १० सेकंद.

ट्रायपॉड नसेल तर शटरचा वेग १८ मिमीला १/६० सेकंद, ५५ मिमीला १/२००. गवत थिजवायला १/२५० लागतं; त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० बिनधास्त लावा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं गवत नाही.

टप्पा ३ साठी : एकच फ्रेम एफ/५.६, ८, ११, १६ला घेऊन चारही कोपरे शेजारी ठेवून पाहायचे. एकच कोपरा सतत मऊ निघाला, तर लेन्समधलं भिंग कललेलं असण्याची शक्यता आहे.